३० सेंमीचं हातओढ प्लवक जाळं: सागरी जीवशास्त्राकडे वळणाऱ्याने घ्यावं का?

सागरी जीवशास्त्रात करिअर म्हटलं की डोळ्यांपुढे डॉल्फिन येतात, प्रवाळ येतात आणि पाठीवर ऑक्सिजनचं सिलिंडर बांधलेला पाणबुड्या येतो. (त्या सिलिंडरमध्ये बहुधा दाबून भरलेली साधी हवा असते; पण ते असो.) प्रत्यक्षात या क्षेत्रात शिरणाऱ्याच्या हाती बरेचदा आधी येते ती गढूळ पाण्याची बरणी, आणि तिच्यात कोण कोण आहे, किती आहे ते मोजायचं काम. म्हणून डायव्हिंगच्या कोर्सवर खर्च करण्याआधी प्लवकांचं, म्हणजे पाण्यात तरंगत वाहणाऱ्या बारीक जीवांचं, जाळं घेऊन पाहावं, असा सल्ला जाणकार देतात. सल्ला रास्त आहे. पण 'विद्यार्थी संच' म्हणून जे विकलं जातं त्यातलं कामाचं काय आणि शोभेचं काय, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

हे संच कुठेही घ्या, घडण साधारण एकच असते. ३० सेंटिमीटर व्यासाचं स्टीलचं कडं, त्याला मीटरभर लांबीची निमुळती नायलॉनची पिशवी, पिशवीच्या टोकाला सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाचा प्लास्टिकचा खोला, म्हणजे जिथे सगळं गोळा होतं ते भांडं. कड्याला तीन दोऱ्यांचा लगाम, २० मीटर दोर, किलोभराचं वजन आणि दोन-चार बरण्या. पिशवीचा आस, म्हणजे जाळीच्या एका भोकाची रुंदी, २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पुष्कळ संचांत 'वनस्पतिप्लवकांसाठी' म्हणून २० मायक्रॉनची दुसरी पिशवी घातलेली असते. निकाल आधीच सांगतो: २०० ची पिशवी घेण्यासारखी, २० ची या मापात जवळजवळ निरुपयोगी, वजन अपुरं, आणि ज्या वस्तूशिवाय हे जाळं नुसतं खेळणं ठरतं तो फ्लोमीटर, म्हणजे जाळ्यातून किती पाणी गेलं ते मोजायचं यंत्र, संचात नसतोच.

२०० मायक्रॉन हा आकडा कुणी सहज म्हणून निवडलेला नाही. युनेस्कोने १९६८ मध्ये प्राणिप्लवकांच्या नमुन्यांसाठी जी पद्धत मांडली, तिच्यातल्या डब्ल्यूपी-२ जाळ्याचा आस २०० मायक्रॉन आणि तोंड पाव चौरस मीटरचं, म्हणजे सुमारे ५७ सेंटिमीटर व्यासाचं. तेव्हापासून मध्यम आकाराच्या प्राणिप्लवकांचे आकडे मोठ्या प्रमाणावर याच आसाने मिळवलेले आहेत, त्यामुळे आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. त्याची मर्यादाही माहीत हवी. एखादा जीव जाळ्यात नीट टिकावा यासाठी आस त्याच्या रुंदीच्या साधारण पाऊणपट असावा लागतो. म्हणजे २०० च्या जाळ्यात भरवशाने सापडतात ते सुमारे २७० मायक्रॉन किंवा त्याहून रुंद असलेले. कोपेपॉडांची, म्हणजे कोळंबीच्या दूरच्या नात्यातल्या बारीक कवचधारी जीवांची, नॉप्लियस पिल्लं आणि ओइथोनासारखे बारीक कोपेपॉड मोठ्या संख्येने निसटतात. अहवालात 'ओइथोना कमी आढळले' असं लिहिणं आणि 'जाळ्याने ओइथोना धरले नाहीत' असं लिहिणं यातला फरक कळायला लागला, की शिक्षण सुरू झालं म्हणायचं.

आता मुख्य मुद्दा, गाळणक्षमतेचा. जाळ्याच्या तोंडातून जेवढं पाणी आत शिरतं तेवढं भोकांतून बाहेर पडायला हवं. त्यासाठी पिशवीच्या सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ तोंडाच्या क्षेत्रफळाच्या कितीपट आहे ते बघतात. स्वच्छ निळ्या पाण्यात हे गुणोत्तर किमान ३ असावं, शेवाळी हिरव्या पाण्यात ५ किंवा जास्त. हिशोब घरी होतो. ३० सेंटिमीटरच्या तोंडाचं क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस मीटर. मीटरभर लांबीच्या आणि ९ सेंटिमीटरवर संपणाऱ्या पिशवीचं कापड सुमारे ०.६१६ चौरस मीटर. २०० मायक्रॉनच्या भोकांमधला धागा १२० मायक्रॉनचा धरला, तर कापडाचा ३९ टक्के भाग उघडा असतो: २०० भागिले ३२०, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. म्हणजे उघडं क्षेत्रफळ ०.२४ चौरस मीटर आणि गुणोत्तर ३.४. निळ्या पाण्याला पुरे. हिरव्या पाण्यात ओढण्याचा वेळ निम्म्यावर आणला की निभतं.

हाच हिशोब २० मायक्रॉनच्या पिशवीला लावून बघा. धागा ३५ मायक्रॉनचा धरला तर उघडा भाग १३ टक्के, उघडं क्षेत्रफळ ०.०८ चौरस मीटर आणि गुणोत्तर जेमतेम १.१. अशी पिशवी पाण्यात टाकली की थोड्याच वेळात डायाटमच्या, म्हणजे एकपेशीय शैवालाच्या, चिकट थराने बुजते. पुढचं सगळं पाणी तोंडाशी साचून बाहेरूनच वळसा घालून जातं, आणि जाळं बादलीसारखं जड लागायला लागतं. याच तोंडाला २० मायक्रॉनवर ३ चं गुणोत्तर हवं असेल तर पिशवी अडीच मीटरांहून लांब शिवावी लागेल. संचातली दुसरी पिशवी मात्र पहिलीच्याच मापाची असते, कारण ती एकाच साच्यावर कापलेली. जिवंत डायाटम सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे असतील तर ती एखादं मिनिट हाताने हळूच फिरवावी, मजा येते. संख्या काढायची असेल तर जाळं विसरून जावं. लिटरभर पाणी बाटलीत घ्यावं, त्यात आयोडिनचं लुगोल द्रावण फिक्या चहाचा रंग येईपर्यंत घालावं, बाटली अंधारात ठेवावी, पेशी तळाशी बसू द्याव्यात आणि मग मोजाव्यात. म्हणून दोन पिशव्यांच्या संचाऐवजी एका पिशवीचा संच घ्यावा आणि उरलेले पैसे फ्लोमीटरकडे वळवावेत.

शिवण उलटसुलट करून बघा. पिशवीच्या उभ्या जोडाला दुमडून दुहेरी शिलाई हवी, कारण सुईची भोकं २०० मायक्रॉनपेक्षा सहज मोठी असतात. एकेरी शिलाईत दोन गोष्टी होतात: बारीक जीव भोकांतून जातात आणि लांब शेपटीचे जीव घडीत अडकून पुढच्या नमुन्यात उगवतात. तोंडाशी जाड कॅनव्हासचा पट्टा हवा. नुसती जाळी कड्याला बांधलेली असेल तर ती घासून तिथेच फाटणार. खोल्याला बाजूने खिडक्या असतात. त्यांच्यावरची जाळी पिशवीच्याच आसाची आहे का ते बघा. ३०० मायक्रॉनची लावलेली असेल तर वर केलेली सगळी गाळणी खाली वाया. खिडक्या तळापासून थोड्या वर हव्यात, म्हणजे जाळं पाण्याबाहेर आल्यावर तळाशी कपभर पाणी उरतं आणि जीव कोरडे पडत नाहीत. खोला पिशवीला ज्या होज क्लॅम्पने आवळलेला असतो तो संचातला सगळ्यात हलक्या दर्जाचा भाग. खाऱ्या पाण्यात ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडून गंज धरतो, स्क्रू जाम होतो आणि खोला निघत नाही. ३१६ ग्रेडचा क्लॅम्प आधीच बदलून घ्यावा.

लगामाच्या तिन्ही दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. एखादी थोडी जरी आखूड झाली तरी तोंड तिरपं होतं, समोरचं क्षेत्रफळ कमी होतं आणि जाळं गोल गोल फिरत दोराला पीळ घालतं. लगाम आणि दोर यांच्यामध्ये स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, घातल्यास पीळ पडत नाही. लगामाचा एक दोष मात्र कोणत्याही दुरुस्तीने जात नाही: तोंडापुढे ताणलेल्या दोऱ्या पाणी ढवळतात, आणि चपळ जीवांना, म्हणजे मत्स्यपिल्लं आणि मायसिड, क्रिल अशा कोळंबीसारख्या जीवांना, जाळं येतंय हे आधीच कळतं. याच कारणाने संशोधन जहाजांवर दोन कड्यांचं बाँगो जाळं वापरतात. त्याच्या तोंडापुढे लगाम नसतो. ३० सेंटिमीटरच्या तोंडाने मत्स्यपिल्लांचा अंदाज बांधू नये, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

किलोभर वजनाबद्दल. जाळं किती खोल गेलं हे सोडलेल्या दोराच्या लांबीवरून ठरत नाही, त्याच्या कोनावरून ठरतं. दोर उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर २० मीटर दोर सोडूनही खोली १० मीटरच. ७५ अंश झाला तर जेमतेम ५. हलक्या वजनाने नावेच्या वेगात जाळं वर वर येत राहतं. वजन वाढवावं आणि कोन साध्या कोनमापकाला ओळंबा बांधून मोजावा. संचातला दोर चालतो. दर मीटरला रंगाची खूण करून घेतली की झालं.

ओढण्याची रीत सोपी आहे, चुकते मात्र नेहमी. जाळं नावेच्या बाजूने सोडावं, मागून नाही, नाहीतर पंख्याने ढवळलेलं फेसाळ पाणी गाळलं जातं. वेग १ ते २ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). त्याहून वेग वाढवला की मऊ जीव जाळीवर चिरडतात आणि दाबाने बारीक जीव भोकांतून पिळून बाहेर पडतात. वेळ ५ मिनिटं, हिरव्या पाण्यात २. सुरुवात, शेवट, कोन, जागा आणि वेळ त्याच क्षणी लिहावी. वेळेचं महत्त्व नवख्यांना उशिरा उमगतं: अनेक प्राणिप्लवक दिवसा खोल जातात आणि रात्री वर येतात, तेव्हा सकाळचा आणि रात्रीचा नमुना एकाच तक्त्यात घालून तुलना केली तर निष्कर्ष सूर्याबद्दलचा निघतो, जागेबद्दलचा नाही. नाव नसेल तर जाळं धक्क्यावरून सरळ खाली सोडून सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने वर ओढता येतं, पण १० मीटरच्या एका ओढीत गाळलं जातं फक्त ०.७ घनमीटर पाणी. विरळ पाण्यात अशा पाच-सहा ओढी एकत्र कराव्या लागतात.

१ नॉट वेगाने ५ मिनिटांत नाव १५४ मीटर जाते, म्हणजे कागदावर १०.९ घनमीटर पाणी गाळलं गेलं. हा आकडा जवळजवळ कधीच खरा नसतो. एक तर जाळं बुजतं. दुसरं, जीपीएस जमिनीवरचं अंतर दाखवतं, आणि जाळं पाण्यातून जातं. अर्ध्या नॉटचा प्रवाह समोरून वा मागून असेल तर इथेच निम्म्याची चूक. म्हणून फ्लोमीटर. जनरल ओशनिक्सचा २०३०-आर हा यांत्रिक फ्लोमीटर बऱ्याच प्रयोगशाळांत दिसतो. त्याच्या नेहमीच्या रोटरसाठी सूत्र असं: शेवटच्या आकड्यातून सुरुवातीचा वजा करा, २६,८७३ ने गुणा, ९,९९,९९९ ने भागा; उत्तर मीटरमध्ये. आकडा २,४१,३५० वरून २,४६,५०० वर गेला असेल तर फरक ५,१५० आणि अंतर १३८ मीटर. तोंडाच्या क्षेत्रफळाने गुणलं की ९.८ घनमीटर. प्रवाह नसताना १५४ ऐवजी १३८ आले, म्हणजे जाळ्याची कार्यक्षमता ९० टक्के. ८५ च्या खाली घसरली तर पुढची ओढ लहान करावी. फ्लोमीटर तोंडाच्या मधोमध बांधू नये, कडं आणि मध्य यांच्या साधारण निम्म्यावर बांधावा, कारण पाण्याचा वेग तोंडभर सारखा नसतो. आणि हवेत धरलेला असताना वाऱ्याने त्याची पाती फिरतात, तेव्हा आकडा पाण्यात सोडण्याच्या अगदी आधी आणि वर येताच वाचावा, पाती बोटाने धरून.

जाळं वर आलं की पिशवी बाहेरून धुवायची, समुद्राच्याच पाण्याने, वरून खाली. तोंडातून पाणी ओतलं तर न मोजलेलं पाणी आणि त्यातले जीव नमुन्यात जातात. गोडं पाणी नमुना काढून घेईपर्यंत जाळ्याला लावू नये. क्षाराच्या फरकाने जीव फुगतात, फुटतात. मग खोल्यातलं सगळं बरणीत. फॉर्मलीन घालायचं असेल तर ९ भाग नमुन्याला १ भाग बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं फॉर्माल्डिहाइड, म्हणजे शेवटी सुमारे ४ टक्के. त्यात बोरॅक्स घालणं विसरू नये. फॉर्मलीन हळूहळू आम्ल होत जातं आणि टेरोपॉडांची (तरंगत्या समुद्री गोगलगायींची) आणि फोरामिनिफेरांची (एकपेशीय जीवांची) चुन्याची कवचं विरघळवतं. काही महिन्यांनी बरणी उघडली तर कवचाऐवजी नुसता लिबलिबीत ठिपका. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे, तेव्हा हातमोजे आणि हवा खेचणारं कपाट याशिवाय ते हाताळू नये. डीएनए हवा असेल तर ९५ टक्के इथेनॉल, जीव बरणीच्या पाव भागाहून जास्त नाहीत, आणि २४ तासांत इथेनॉल एकदा बदलायचं, कारण जीवांच्या अंगचं पाणी ते पातळ करतं. कंकतधारी, म्हणजे टिनोफोर हे जेलीसारखे मऊ जीव, जाळ्यात फाटतात आणि त्यांच्यातले बरेचसे फॉर्मलीनमध्ये विरून जातात. ते जिवंत असतानाच मोजून लिहावेत. लेबल बरणीच्या आत घालावं, जाड कागदावर, पेन्सिलने. शाई इथेनॉलमध्ये उतरते आणि बाहेर चिकटवलेला कागद गळून पडतो.

या जाळ्याची खरी किंमत वसूल होते ती टेबलावर. नमुना २०० मिलिलिटर करावा, हलकेच ढवळावा, जाड तोंडाच्या पिपेटने ५ मिलिलिटर घ्यावा आणि बोगोरोव्ह ताटलीत, तिच्या नागमोडी पन्हळीतून एकेक करून मोजावा. १२० कोपेपॉड निघाले, तर पूर्ण नमुन्यात ४,८०० आणि घनमीटरला सुमारे ४९०. फ्लोमीटर नसता तर हाच आकडा ४४० आला असता, आणि चूक कुठे झाली ते कधी कळलंच नसतं. १२० च्या मोजणीवर नुसत्या योगायोगाची अनिश्चितता अधिक-उणे १८ टक्के येते. ४०० मोजले तर १० टक्क्यांवर उतरते. त्यापुढे ओळख. कोपेपॉडांच्या गटांत कॅलॅनॉइडच्या मिशा जवळजवळ अंगाएवढ्या लांब, हार्पॅक्टिकॉइडच्या अगदी आखूड आणि अंग कंबर न दाखवता निमुळतं, सायक्लोपॉइड या दोहोंच्या मधले. गटापर्यंत पोचायला काही आठवडे पुरतात, प्रजातीपर्यंत पोचायला पाचव्या पायांच्या जोडीचं विच्छेदन शिकावं लागतं. नाव नक्की करताना वर्म्स या सागरी प्रजातींच्या जागतिक नोंदवहीत ते आज मान्य आहे का ते पाहावं. जुन्या पुस्तकांतली बरीच नावं बदललेली असतात.

कुणी घ्यावं? सागरी जीवशास्त्राची पदवी घ्यायची की नाही या विचारात असलेल्याने घ्यावं, कारण या कामात जे रोज करावं लागतं ते सगळं यात थोडं थोडं येतं: नमुना, नोंद, जतन, ओळख, मोजणी आणि आकड्यांचा हिशोब. ताटलीपुढे सलग तीन तास बसून चौथ्या तासाला एखादा अनोळखी डिंभ (अळीअवस्थेतलं पिल्लू) दिसल्यावर ज्याची झोप उडते त्याने पुढे जावं आणि शिवाय संख्याशास्त्र व 'आर' (R) सारखी आकडेमोडीची एखादी संगणकप्रणाली लवकर शिकून घ्यावी. ज्याला समुद्र आवडतो पण मोजणीचा कंटाळा येतो त्याला डायव्हिंग प्रशिक्षण, मत्स्यालयातलं काम किंवा समुद्रावरचं लेखन अधिक मानवेल, आणि ते या जाळ्याने स्वस्तात कळतं. ज्याच्याकडे सूक्ष्मदर्शकाची सोय नाही त्याने जाळं घेऊच नये. कोपेपॉड नुसत्या डोळ्यांना फक्त उड्या मारणारे ठिपके दिसतात. आणि संरक्षित क्षेत्रात नमुने घ्यायला परवानगी लागते, ती आधी काढावी.

जाळं हाती आल्याच्या दिवशीच पिशवीचा एक कोपरा मोजपट्टी असलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरून दहा भोकं मोजावीत. सरासरी २०० च्या जवळ हवी आणि भोकं चौकोनी हवीत. तिरकी झालेली असतील तर कापड शिवताना ओढलं गेलंय, परत करावं. वापरानंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावं, कारण वाळलेल्या मिठाचे कण घडीत धागे कापतात. चिकट थर बसला असेल तर सौम्य साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवावं. ब्लीच नको, क्लोरीन नायलॉन कुजवतो. वाळवायचं सावलीत, उन्हात नायलॉन ठिसूळ होतं. आणि जेलीफिश सापडल्याच्या दिवशी जाळं हातमोजे घालूनच धुवावं: तंतूंच्या दंशपेशी वाळल्यानंतरही ओल लागली की चावतात.